मीच तो औंढेकर

आमच्या घरात सल्ला कुणी मागत नसे. देत मात्र सगळेच असत. माय भाकरी थापता थापता द्यायची, पिठाचा हात परातीवर आपटून. माझा थोरला भाऊ मिलिंद दारात चपला काढतानाच सुरू व्हायचा, समोर माईक ठेवल्यासारखा. बा तेवढा गप्प. तो एस.टी.त कंडक्टर होता. दिवसभर 'पुढं सरका, पुढं सरका' करून त्याचा आवाज गाडीतच संपायचा आणि घरी आल्यावर त्याला ठेचा हवा असला तरी तो नुसतं बोट दाखवायचा. मी घरात धाकटी, त्यात पोरगी. म्हणून सगळ्यांचे सल्ले उतारावरच्या पाण्यासारखे माझ्याकडं वाहत यायचे. केस बांध. हळू बोल. हसू नको. कॉलेजातून नीट घरी ये. मी उलट बोलायचे. ताटात बेसन पडायच्या आत भांडण लागायचं आणि भाकरी वातड होईपर्यंत चालायचं. लहानपणीचं घर आठवलं की ऊब वाटते, असं लोक लिहितात. मला चुलीचा धूर आठवतो आणि ते भांडण.

मिलिंदनं औंढ्याच्या स्टँडासमोर नेटकॅफे टाकला तो त्याच्या साहेबांच्या शब्दावर. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांच्या गाडीमागं धावणं हाच मिलिंदचा खरा धंदा होता. कॅफे त्याला महिनाभरात कंटाळवाणा झाला आणि गल्ल्यावर मी बसू लागले. प्लायवूडच्या खोक्यात बसवलेले तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, कोपऱ्यात एस.टी.डी.चा फोन. लाइट सारखी जायची. गेली की इन्व्हर्टर रडक्या पोरासारखा चिंचिं करायचा. बाहेर नारळ-फुलांच्या गाड्या, देवळाच्या भोंग्यावरची आरती, कंडक्टरांच्या शिट्ट्या. गिऱ्हाईक म्हणजे दहावी-बारावीचे निकाल बघणारी पोरं, कॅमेऱ्यातले फोटो सीडीवर भरून मागणारे यात्रेकरू, आणि खोक्याच्या आत मान घालून नको ते बघणारे बाप्ये. त्या बाप्यांना मी गल्ल्यावरून मोठ्यानं विचारायचे, "काका, दिसून राहिलं का बराबर?" ते पुन्हा येत नसत. मिलिंद चिडायचा की मी धंदा बसवला. बसवलाच.

गिऱ्हाईक नसलं की मी नेटवर मराठी वाचायचे. तेव्हा नुकतीच काही चर्चास्थळं निघाली होती. पुण्यामुंबईचे, अमेरिकेतले लोक तिथं जमून देवनागरीत गप्पा हाणत, कविता टाकत, पाककृती टाकत, राजकारणावरून एकमेकांच्या उरावर बसत. मी ज्या ठिकाणी जायचे त्याचं नाव इथं लिहीत नाही. ते अजून चालू आहे आणि त्याची फुकट जाहिरात करायची माझी इच्छा नाही. तिथं कुणीतरी रडत होतं की मराठीतलं पान उघडलं की नुसते चौकोन दिसतात. उत्तर मला येत होतं, कारण तीच तकलीफ मी कॅफेत रोज निस्तरत होते. खातं उघडायला टोपणनाव हवं होतं. मी 'औंढेकर' टाकलं आणि काय करायचं ते सांगितलं. लगेच आभार आले: "औंढेकरसाहेब, तुम्ही फार मोठं काम केलंत." साहेब. इंग्रजीत माणूस बाई की बुवा हे लपवता येतं म्हणतात. मराठीत क्रियापद चुगली करतं. पुढचं वाक्य मला 'मी सांगतो' लिहायचं होतं की 'मी सांगते', एवढाच प्रश्न होता. मी 'सांगतो' लिहिलं आणि त्या दिवसापासून तिथं बाप्या झाले.

बाप्या असण्यात सुख होतं, खोटं कशाला सांगू. घरात 'हळू बोल' ऐकणारी मी तिथं बोलले की लोक ऐकून घेत. व्हायरस कसा काढायचा, जुन्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर नव्यात कसा आणायचा, स्वस्तात कोणता कॉम्प्युटर जुळवायचा, सगळं मला विचारत. अमेरिकेतला एक सभासद 'परदेसी' नावानं लिहायचा. तो मला 'गुरुवर्य' म्हणायचा. मग मी राजकारणावरही लिहू लागले. आमच्या साहेबांनी एका खेड्यातल्या शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीची फीत कापली होती. त्या खोलीत लाइटीची वायरच ओढलेली नव्हती. मी ते नाव न घेता, पण कुणालाही समजेल असं लिहिलं. चर्चेत मोठा दंगा झाला. कुणी म्हणालं, खेड्यातल्या लोकांना सुधारणेची किंमत नसते. मी त्याला असं काही सुनावलं की तो आठवडाभर तिथं फिरकला नाही. घरी मिलिंद त्याच फीत कापण्याचे फोटो मायला दाखवत होता. मी समोर बसून अंबाडीची भाजी चावत होते आणि आतून मला गुदगुल्या होत होत्या.

मग एक दिवस 'निनावी' या नावानं एक प्रश्न आला. आपण कॉम्प्युटरवर काय वाचलं ते घरातल्या दुसऱ्या माणसाला कळू नये, यासाठी काय काय पुसावं लागतं? खाली लगेच चेष्टा सुरू. "वहिनी, साहेबांपासून काय लपवताय?" आणि खिदळणारे पिवळे चेहरे. मी चेष्टा केली नाही. कॅफेवाल्या पोरीला कळतं, लपवायला येणारा माणूस वेगळा आणि भ्यालेला वेगळा. कुठं जाऊन काय पुसायचं ते मी ओळीनं लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिचा व्यनि आला. व्यनि म्हणजे व्यक्तिगत निरोप, बाकीच्यांना न दिसणारा. ती जवळच्याच हट्टा गावची सून होती. डी.एड. झालेली. नवऱ्याचे कॉम्प्युटरचे क्लास होते. दुपारी तो शेताकडं गेला की खोली झाडायच्या निमित्तानं तिला मशीनला हात लावता यायचा. तो मारायचा. बाहेर जाताना कधी कधी कडी लावून जायचा. नोकरी कर म्हणून माहेरचे मागं लागले तेव्हापासून तिची सर्टिफिकिटं त्यानं आपल्या कपाटात घातली होती. "सर, मी काय करू?" असं तिनं विचारलं होतं.

मी तिला आधी सगळ्यांना विचारायला सांगितलं, मैत्रिणीची गोष्ट म्हणून. मला वाटलं, एवढी शिकलेली माणसं आहेत. तर या शिकलेल्या माणसांनी सांगितलं की टाळी एका हातानं वाजत नाही. मूल होऊ द्या, मग तो निवळेल. तुमच्या मैत्रिणीची जीभ तिखट असणार. परदेसीनं अमेरिकेतून मोठा परिच्छेद लिहून कळवलं की कुटुंबव्यवस्था हेच आपलं खरं धन आहे. मी त्या सगळ्यांच्या खाली एक ओळ लिहिली: "कडी लावणारा निवळत नाही. कागद काढा आणि घर सोडा." यावर मला पहिल्यांदा शिव्या पडल्या. संसार मोडणारा, बायकांना भडकवणारा. मी व्यनिमधून तिला सांगितलं की औंढ्याला स्टँडसमोर आमचा कॅफे आहे, मी तिथं बसतो, नांदेडला तिचा भाऊ होता त्याला फोन इथून लावता येईल.

ती आली. दिवसा, गर्दीच्या वेळी, खांद्याला एक पिशवी. उजव्या हातात बांगड्या होत्या, डाव्यात नव्हत्या. तिथं ओरखडे होते. दारात उभी राहून तिनं खोक्यांवरून नजर फिरवली.

"औंढेकर सर हायेत का?"

"मीच."

तिनं माझ्या पाठीमागं बघितलं. "तुमचे मिस्टर?"

"लग्न झालं न्हाई माझं. मीच औंढेकर. बसा."

ती बसली, पण अशी की कधीही उठता येईल. तिचं तोंड पडलं होतं. ती एका वडीलधाऱ्या माणसाच्या भरवशावर घर सोडून आली होती आणि समोर वेणी घातलेलं पोरगं होतं. "पण तुमी तर 'सांगतो' लिहीत होता," ती म्हणाली. मला राग आला. हट्ट्याहून निघाली ते माझ्याच शब्दावर ना? भावाला फोन लावला तर तिकडं कुणी उचलेना. कॅफेत कुणीही येतंजातं, म्हणून शटर ओढून मी तिला घरी नेलं. बाजार मागं पडला, वस्ती लागली, विहारावरचा पंचशील झेंडा दिसला तशी तिची चाल मंदावली. मला ते दिसलं. मी पुढं चालत राहिले.

मायनं तिला तांब्या-पेला दिला. तिनं पेला हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि हळूच जमिनीवर ठेवला. "उपास हाय आज माझा," ती म्हणाली.

मायनं तिच्याकडं बघितलं. "पाण्याला उपास नसतो बाई," म्हणाली आणि पेला उचलून आत गेली. मी मागोमाग गेले तर माय चुलीपुढं फुत्कारत होती. "कुणाच्या घरची सून हाय ते इचारलंस का? उद्या चार माणसं वस्तीवर आली तर तुजा कॉम्प्युटर आडवा पडणार हाय का? तुला कुणी सांगितलं लोकाच्या संसारात तोंड घालाय?" मायला भ्यायला कारण होतं. तिनं तरुणपणी वस्तीवर चालून आलेली माणसं बघितली होती. तेव्हा मला हे कळत होतं तरी मी तिच्यावर ओरडले, आणि बाहेर बसलेल्या त्या बाईवरही मला ओरडायचं होतं. मार खाऊन, कडी चुकवून पळून आलेली, तहानेनं ओठ सुकलेले, आणि आमचं पाणी चालत नाही. मी तिला त्याच पावली हाकलायला पाहिजे होतं, असं मला अजूनही कधी कधी वाटतं.

तेवढ्यात बा सकाळची ड्यूटी संपवून जेवायला आला. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि ओट्यावर बसून तिला विचारलं, "भाऊ नांदेडात कुठं ऱ्हातो?" तिनं सांगितलं. "वसमतच्या गाडीत तुमाला वळखणारे हायेत?"

"व्हय. सासरचे समदे तिकडचेच."

"मग हिंगोलीकडून जाऊ. कळमनुरी, बाळापूर करत. लांब पडतं, पण त्या अंगाला तुमाला कुणी वळखत न्हाई." तो न जेवताच उठला. माय दारात आडवी आली. "तुमी काहून जाऊन राहिले? एकटीला बसवून द्या." बा म्हणाला, "एकटी पाठवायची तर घरातच काहून घेतली?" घरात त्याला इतकं बोलताना मी फार क्वचित ऐकलं. ती माझ्याकडं न बघता त्याच्या मागं निघून गेली.

मी कॅफे उघडला. मिलिंद घरी जेवून, मायकडून सगळं ऐकून आला तो तापलेला. साहेबांच्या माणसांत तिच्या सासरचे आहेत हे मला माहीत आहे का, असं तो विचारत होता आणि मी त्याला तुझे साहेब गेले चुलीत म्हणत होते. तेवढ्यात बाहेर जीप थांबली. शर्ट खोचलेला, खिशाला पेन लावलेला तरणा माणूस उतरला. त्याच्या मागं पांढरा फेटा बांधलेला म्हातारा आणि ड्रायव्हर. नवऱ्याला कळलं कसं, ते मला नंतर समजलं. जे पुसायला सांगितलं होतं ते तिनं सगळं पुसलं होतं, पण घाईत खातं उघडंच राहिलं होतं. त्यानं आमचे सगळे निरोप वाचले होते.

"औंढेकर कोण हाय?" त्यानं मिलिंदला विचारलं.

"औंढ्यात समदेच औंढेकर. तुमाला कोण पाहिजे?"

त्यानं मिलिंदच्या कानाखाली वाजवली. मिलिंद खुर्चीसकट मागं सरकला. "माझ्या बायकोला चिठ्ठ्या लिहितो आन् वर इचारतो?"

"तो न्हाई. मी लिहिलं," मी म्हणाले. तो हसला. मला बाजूला हो म्हणाला. त्याला वाटलं मी भावाला वाचवतेय. स्वतः कॉम्प्युटर शिकवणारा माणूस, पण एक पोरगी हे लिहू शकते हे त्याच्या डोक्यात शिरेना. म्हणून मी त्याच्यासमोर बसले, खातं उघडलं, त्याच्या बायकोचे निरोप दाखवले आणि त्यांच्याखाली माझे. तो पडद्याकडं बघत राहिला. मग त्यानं आडनाव विचारलं. मिलिंदनं सांगून टाकलं, गाल चोळत.

"तरीच," तो म्हणाला.

मग तो मिलिंदकडं वळला. "कुठं हाय ती?" आणि माझ्या भावानं, साहेबांच्या मागं नारे देणाऱ्या माझ्या भावानं, सांगितलं. "बा घेऊन गेला तिला. नांदेडच्या गाडीनं. आमाला यातलं कायबी ठाऊक नव्हतं." नवरा जीपकडं धावला. म्हातारा मात्र पायरीवरच उभा होता. तो त्याचा चुलता असावा, कारण नवरा त्याच्यापुढं मान वर करत नव्हता. म्हाताऱ्यानं सावकाश विचारलं, "तुमच्यात जेवली का ती?"

"न्हाई, न्हाई," मिलिंद म्हणाला, "पाणी सुदीक..."

"जेवली," मी मधेच म्हणाले. "बेसन-भाकरी. पोटभर. मायनं वाढली, आमच्याच ताटात."

हे खोटं होतं. ते मी तिला वाचवायला बोलले असं सांगितलं तर लोक मला शहाणी म्हणतील, पण तेव्हा माझ्या डोक्यात तसं काही नव्हतं. मला त्या म्हाताऱ्याचं तोंड बघायचं होतं. त्याच्या घराच्या उंबऱ्याच्या आत आमची भाकरी ढकलायची होती. आणि ती बाई, जिनं पेला खाली ठेवला, तिच्याही तोंडात. म्हाताऱ्याचा चेहरा हळूहळू मिटत गेला. नवरा जीपमधून म्हणत होता, "तात्या, चला, वसमतपर्यंत गाठू गाडी." म्हातारा म्हणाला, "गाडी घराकडं घे."

"आन् ती?"

"आता आणून ठेवायची कुठं तिला? चूल बाटवायची का?"

नवरा परत आत आला आणि त्यानं पहिल्या खोक्यातला मॉनिटर ओढून खाली टाकला. काच फुटली, धूळ उडाली. प्रिंटरवर लाथ घातली. मिलिंद हात जोडून उभा होता. मग ते गेले. मिलिंदनं मला मारलं नाही, मारलं असतं तर बरं झालं असतं. तो फुटलेली काच गोळा करता करता म्हणाला, "खोटं काहून बोललीस? आता समदा तालुका आपल्यावर उठंल." मी म्हणाले, "आन् तू खरं काहून बोललास?" त्या दिवसानंतर आम्ही भाऊ-बहीण नीट बोललेलो नाही. आता तो घरच्या ग्रुपवर रोज सकाळी साहेबांच्या पोराचे फोटो टाकतो. मी अंगठासुद्धा दाखवत नाही.

बा दुसऱ्या दिवशी परतला. तिला भावाच्या दारात सोडून, रात्र स्टँडवर काढून. वाटेत तिनं काही खाल्लं का, असं मायनं विचारलं. "म्या इचारलं न्हाई," तो म्हणाला आणि ड्यूटीला गेला. तालुका उठला नाही. पण साहेबांनी मिलिंदला 'मिटवून घे' म्हणून सांगितलं. मिटवणं म्हणजे काय, तर हट्ट्याला जाऊन त्यानं माफी मागायची. तो मागून आला. मी गेले नाही. माय बरेच दिवस माझ्याशी फक्त भांड्यांतून बोलत होती.

चर्चास्थळावर मात्र सगळं उठलं. नवऱ्यानं तिथं खातं काढलं आणि लिहिलं की तुमचा औंढेकर हा पुरुष नाही, एक बाई आहे, ती अमुक समाजाची आहे आणि चांगल्या घरच्या सुनांना भुलवून आपल्या वस्तीत नेते. आठवडाभर त्याच्याखाली लोक लिहीत होते. मारहाणीबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. मी 'सांगतो' लिहिलं याचा त्यांना धक्का बसला होता. फसवणूक, विश्वासघात. ज्यांची मशीनं मी दुरुस्त करून दिली होती ते म्हणू लागले की हिची उत्तरं आम्हांला आधीपासूनच शंकास्पद वाटत होती. एकानं माझी जुनी वाक्यं काढून दाखवलं की भाषेवरूनच ओळखू येत होतं. परदेसीनं लिहिलं, "आपण यांना जवळ केलं हीच चूक. या लोकांना मुळात घर म्हणजे काय ते माहीत नसतं." गुरुवर्य म्हणणारा हाच माणूस.

आणि मग तिनं लिहिलं. नांदेडहून, या वेळी 'निनावी' नाही, रेखा या स्वतःच्या नावानं. मी ते उघडलं तेव्हा मला वाटलं, आता सांगेल ती कडी, ओरखडे, कपाटातले कागद. तिनं दोनच ओळी लिहिल्या होत्या. "माझ्याबद्दल खोटं पसरवलं जात आहे. मी त्यांच्या घरी काहीही खाल्लेलं नाही, पाण्यालाही शिवलेले नाही."

मी ते मायला वाचून दाखवलं. माय तूर निवडत होती. "खरंच लिव्हलं तिनं," ती म्हणाली आणि निवडत राहिली.

तिच्या त्या दोन ओळींचा तिला काही उपयोग झाला नाही. म्हाताऱ्यानं माझं खोटं आधीच गावभर केलं होतं, आणि नवरा आणायला निघायचा तर घरचेच आडवे यायचे. मग सोडचिठ्ठी झाली. कुणी तिला परत न्यायला आलं नाही, कुणी कडी लावली नाही. सर्टिफिकिटांची तिनं दुसरी प्रत काढली आणि ती एका शाळेत शिकवायला लागली, असं बाच्या कानावर कुणीतरी गाडीत घातलं. तिनं मला कधी आभाराचा निरोप पाठवला नाही. आभाराची अपेक्षा नव्हती असं म्हणायची रीत आहे. मला होती. मानायला पाहिजे होते तिनं.

चर्चास्थळाच्या चालकांनी मला कळवलं की जाहीर माफी मागितली तर खातं चालू राहील. मी शेवटचं लिहिलं. आधी माझं नाव, विशाखा. मग बाचं नाव, आडनाव, वस्ती, गाव, सगळं. 'मी सांगते,' असं लिहून मी सांगितलं की नवरा मारत होता, ती माझ्या शब्दावर निघाली आणि पुन्हा कुणी विचारलं तर मी तेच सांगेन. लिहिताना माझ्या गावच्या बोलीतच लिहिलं, त्यांना ओळखायला सोपं जावं म्हणून. ते त्यांनी दुपारपर्यंत ठेवलं, मग काढून टाकलं. खातं काही बंद केलं नाही. बहुतेक विसरले.

कॅफे मिलिंदनं विकला. मी औरंगाबादला आले आणि एका छापखान्यात जुन्या फॉन्टातली पुस्तकं नव्यात आणायच्या कामाला लागले. पुढं तेच माझं पोट झालं. आज माझ्या हाताखाली पोरं आहेत आणि ती मला घाबरतात. छापखान्यात काम करताना एकदा सहज मी ते जुनं खातं उघडलं. एक व्यनि येऊन पडला होता. परदेसीचा. त्याचे वडील वारले होते. म्हातारपणी त्यांनी आपल्या आयुष्याबद्दल बरंच काही टाइप करून ठेवलं होतं, कुठल्यातरी बंद पडलेल्या फॉन्टात. आता उघडलं की नुसत्या खुणा दिसतात, एक अक्षर लागत नाही. तिकडच्या जाणकारांना दाखवून झालं होतं. "मागचं विसरून जा," त्यानं लिहिलं होतं, "वडिलांचा शब्द वाचायची फार इच्छा आहे. हे तुम्हालाच जमेल." खाली नमुन्यादाखल दोन ओळी जोडल्या होत्या. बघताक्षणी मी फॉन्ट ओळखला. त्या दोन ओळी मी तिथल्या तिथं वाचूनही टाकल्या. त्यात म्हाताऱ्यानं आपल्या आईच्या हातच्या लोणच्याबद्दल लिहिलं होतं.

मी निरोप बंद केला आणि हातातल्या कामाला लागले. मला ते येत होतं. आजही येतं.